चौथ्या अक्षराला थांबलेलं बोट

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या बाई आमच्या दूध संघाच्या कोल्हापूरच्या ऑफिसात एकदाच आल्या. राधानगरीकडच्या संकलन केंद्रावरचा संगणक अडकला होता आणि दुधाचे कॅन घेऊन माणसं ताटकळली होती. बाईंनी बांगड्या कोपराकडं सारल्या, माझ्या टेबलावरच्या संगणकावर एक काळी खिडकी उघडली आणि मी दिलेला पत्ता टाइप केला. इथं बसूनच त्या तिकडचा संगणक चालवणार होत्या.

पडद्यावर अक्षरांची लांबलचक ओळ उमटली. ही तिकडच्या संगणकाची ओळख, ती खरी मानायची का, असा खाली प्रश्न होता.

"मॅडम, यस करा की! दूध नासंल तिकडं," मी खेकसलो.

"दादा, घर कुणाचं हाय ते बघितल्याबिगर मी आत पाय ठेवत न्हाय."

त्यांनी केंद्रावर फोन लावला. तिथल्या संगणकावर त्याची ओळख लिहून चिकटवलेल्या कागदावरून माणूस एकेक अक्षर वाचू लागला, तसं बाईंचं बोट पडद्यावर सरकू लागलं. चौथ्या अक्षराला ते थांबलं; अक्षर जुळत नव्हतं.

मी यादी काढून बघितली, तर पत्ता मीच चुकीचा दिला होता. तो कोडोलीचा संगणक होता. तिथं दूध घेणं जोरात चालू होतं आणि आम्ही तेच बंद पाडलं असतं.

खरा पत्ता दिल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून अक्षरं जुळवली. मग दहा मिनिटांत केंद्र सुरू झालं.

"कुठं शिकलात?"

"हितंच की, कोल्हापुरात," म्हणत त्यांनी बांगड्या खाली घेतल्या आणि त्या निघाल्या. नाव विचारायचं राहिलंच.

पुण्याहून कुणी येऊन हुशारी सांगायला लागलं, की मी आमच्या त्या बाईंचं सांगतो. माझी चूकही सांगतो, आवाज खाली न आणता.