जुनी पट्टी काढायची नाही

उदगीरच्या माझ्या व्याह्याइतका जुन्याला जपणारा माणूस नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांत नाही. असला तर त्यानं माझ्यासमोर यावं. शाळा मी फार बघितली नाही, पण माणूस आणि बैल मला कळतो.

त्यांना सगळं घर आप्पा म्हणतं. किराणा दुकान आहे. त्यांच्या पोरानं, म्हणजे माझ्या जावयानं, विजेवरचा काटा आणला, तर ह्यांनी जुनी तागडी काढू दिली नाही. साखर आधी काट्यावर, मग तागडीत. गिऱ्हाईक घाईत असलं तर त्याला म्हणतात, "दोघांची साक्ष झाली की साखर गोड लागते." छत्रीला ठिगळं अशी, की मूळचं कापड कुठलं ते पावसालाही कळू नये. दुकानात एक म्हातारा हमाल आहे. पोतं राहू द्या, त्याला आता पायलीभर ज्वारी उचलवत नाही. जावई म्हणाला, आप्पा, ह्याला घरी बसवा. आप्पा म्हणाले, "घरी कशाला? हितंच बसू दे. त्याच्या पाठीवर दुकान उभं राहिलं." तेव्हापासून तो दारातल्या बाकावर बसून पगार घेतो आणि नव्या हमालांना शिव्या देतो. अशी दिलदारी मी दुसरीकडं बघितली नाही.

तर आमची नात, आप्पांच्या पोराची पोरगी, सुट्टीला माझ्या गावी, लोह्याला आलेली. तिला एका कंपनीची परीक्षा द्यायची होती, घरी बसून, लॅपटॉपवरच. मोबाइल चालत नाही म्हणे. लॅपटॉप जुना, कॅमेरा सुरू केला की पडदा जागीच थिजायचा. परीक्षेत थिजला तर नोकरी गेली. मी म्हणालो, नवा घेऊ. पोरीनं उदगीरला फोन केला, आणि परीक्षेच्या आदल्या सकाळी आप्पा मेमरीची नवी पट्टी घेऊन दारात हजर.

"ह्याचं डोकं लहान पडून राहिलंय. भर घालू," म्हणाले.

ती पट्टी खाचेत बसेना. पट्टीतली फट आणि खाचेतला खुंटा जुळत नव्हता. नात म्हणाली, ही पुढच्या पिढीची आहे, ह्यात बसणारच नाही. दुसऱ्या कुणी दाबून मोडली असती. आप्पा उन्हातान्हात नांदेडला गेले आणि दुसरी घेऊन आले. ही बसली. शेजारच्या खाचेत जुनी होतीच. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा काळाच, आणि लॅपटॉप नुसता पी पी करून राहिला.

आप्पांनी खोडरबर मागून पट्ट्यांचे पिवळे दात पुसले. पी पी. जागा बदलल्या. पी पी. नवी एकटी घातली तर चटकन चालू, कॅमेराही पळाला. जुनी एकटी घातली तरी चालू, पण कण्हत. दोघी एकत्र आल्या की पडदा काळा.

"आप्पा, मग जुनी काढा ना," नात म्हणाली.

"काढायची न्हाई. येवढी वर्षं तिनं ओढलं. आता नवी आली म्हणून हाकलायची?" आणि परत खोडरबर.

दिवस कलला. नात रडकुंडीला येऊन माझ्याकडं बघू लागली. आता आमच्यात मुलीच्या बापानं व्याह्याला तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणायचं नसतं. मी चहा होऊ दिला आणि म्हणालो, "चला इवाई, बैलं दाखवतो."

गोठ्यात माझा म्हातारा बैल एकटा बांधलेला होता. म्हणालो, "औंदा ह्याच्याबरोबर तरणा गोऱ्हा जुंपला. त्यो पुढं ओढतो, ह्यो मागं राहतो. जू तिरपं. दोघांचे बी खांदे सुजून आले, अन् रान तसंच पडलं."

"मग?"

"मग ह्याला सोडला."

"इकला न्हाई?"

"इकीन कशाला? पेंड खातो, नव्यावर डोळे वटारतो."

आप्पा बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "इवाई, लॅपटॉपचं सरळ बोलला असता, तर म्या ऐकलं नसतं."

"म्हणून तर बैल दाखवला."

आत येऊन त्यांनी जुनी पट्टी स्वतःच्या हातानं काढली, रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी परीक्षा पार पडली. नात आता पुण्याला नोकरीला आहे.

आप्पा उदगीरला परतले आणि दिवाळीच्या आत गल्ल्यावरून उठले. चाव्या पोराच्या हातात दिल्या. बापलेकांचं जू तिरपं चाललंय हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं, पण त्यांना कुणी काही म्हणालं नव्हतं. मीही नाही. मी फक्त लॅपटॉपचं बोललो होतो.

परवा गेलो तर दारातल्या बाकावर हमालाशेजारी बसलेले. खिशात तो रुमाल होताच. मला बघून सरकले, "या इवाई." तिघांना बाक पुरतो, थोडं दाटून बसावं लागतं. आत जावई साखर तोलत होता. काट्यावर तोलली, पुडा बांधायला घेतला, आमच्याकडं एकदा बघितलं, आणि पुडा खाली ठेवून साखर तागडीत ओतली.