वीज घालणारा दिगंबर

भर दुपारी कुसुमवहिनींचा फोन आला. "भावजी, लाईट गेली..." एवढं म्हणून थांबल्या. आमच्या केजमध्ये लाईट जाणं ही काय फोन करून सांगायची गोष्ट? मी वैतागून म्हणालो, "आमचीबी गेलीय, वहिनी." तेव्हा त्या म्हणाल्या, "हे बी गेले." दिगंबरला जाऊन आता महिना होत आला, पण दुपारी पंखा थांबला की मी अजून आधी फोनकडे बघतो.

दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र. बाजारात पिठाची गिरणी, दारात एक म्हैस. घराच्या गच्चीवर त्यानं सौर पॅनल बसवले आणि माणूस बिघडला. सकाळी डेअरीला दूध घालून यायचा आणि पॅनल पुसत म्हणायचा, "आता वीज घालतो." लोकांनी टर उडवली, तरी त्यानं शब्द बदलला नाही. वापरून उरलेली वीज कंपनीला जायची, आणि तिचा दर आठवला की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "आमच्याकून घेताना मातीमोल, आमालाच देताना सोनं! डेअरीवालाबी इतका लुटत न्हाई बे." मी म्हणायचो, "तुझा वाढीव दर कंपनी काय पदरचा देणार हाय? तो माझ्या बिलात येणार. मी भाड्याच्या घरात, मी कुठं पॅनल लावू?" मग तो आठवडाभर फिरकायचा नाही. नंतर आपणच चहाला यायचा आणि पुन्हा दरावरच यायचा.

दराच्या जाहीर सुनावणीला आम्ही सोबत गेलो. इस्त्रीचा सदरा घालून तो उभा राहिला. "साहेब, आमी वीज घालतो. दुधासारखा दर ठरवा." सगळे हसले. कंपनीचे साहेबही हसत म्हणाले, "काका, दूध संध्याकाळपर्यंत तरी टिकतं. तुमची वीज येते दुपारी, तेव्हा ती आम्हाला नकोच असते." मीही हसलो. परतताना एसटीत तो पुन्हा दराचाच हिशोब करत बसला. पॅनल बसवणाऱ्यानं त्याला आधीच सांगितलं होतं की लाईन गेली की पॅनलची वीजही आपोआप बंद होते, खांबावरच्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. घरात हवी असेल तर बॅटरी घ्या. पण बॅटरीत साठवली तर घालायला कमी उरणार. "सगळी घालायची. दर वाढणार हाय," एवढंच त्याचं उत्तर.

गिरणीच्या पिठानं फुप्फुसं खाल्ली. शेवटी घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलं, तेही विजेवर चालणारं. त्या दुपारी लाईन गेली आणि मशीन थांबलं. वहिनी सिलिंडरसाठी जीप शोधत पळाल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं, गच्चीवर पॅनल लखलखत होते, आणि त्यांच्याच खाली हा माणूस तडफडून मेला. याला दैव म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. कंपनीचा येतो, त्या साहेबांचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्या हट्टी दिगंबरचाच येतो.

परवा गेलो तर वहिनी गच्चीवर होत्या. गेलेल्या माणसाचं अंथरूण आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, टाकून देतात. वहिनींनी त्याची गोधडी, सतरंजी, चादर सगळं पॅनलवर पसरून वर दगड ठेवले होते; काचेला कुठंच ऊन लागत नव्हतं.

"हे कावून, वहिनी?"

वाऱ्यानं सुटलेलं गोधडीचं टोक त्यांनी पुन्हा दगडाखाली दाबलं.

"कंपनीवाल्यानं इचारलं तर सांगा, भावजी... म्हैस आटली."