रोज पाडून घेणारा माणूस

नवऱ्याचा हात मातीवर आपटत होता आणि दीर त्याचा गळा सोडत नव्हता.

मी तालमीच्या मागच्या भिंतीवर गोवऱ्या थापत होते. बायकांना तालमीत पाऊल टाकायची मनाई होती, पण बाहेरची भिंत उन्हाची होती आणि गोवऱ्यांना कोणाची ना नव्हती. भिंतीत वाऱ्यासाठी झरोका होता. मातीवरचा हात ऐकू आला म्हणून मी आत डोकावले. नवरा पालथा, दीर त्याच्या पाठीवर, दंड गळ्यात आवळलेला. नवऱ्याचं तोंड जांभळं पडलं होतं. वस्ताद पलीकडच्या दारात न्हाव्यापुढे मान वर करून दाढी करून घेत होता.

"भाऊजी, सोडा!"

"नाही सोडत, वहिनी!" दीर ओरडला. खुशीत होता तो.

माझ्या हातात शेणाचा गोळा होता. तो मी झरोक्यातून दिराच्या तोंडावर मारला. डोळ्यांत शेण गेलं तेव्हा त्याचा हात सुटला. नवरा तसाच पडून राहिला. मग मी मनाई वगैरे पाहिली नाही. दारातून आत गेले आणि त्याला उताणा केला. तो कसाबसा श्वास घेत होता, फुटक्या भात्यासारखा आवाज येत होता.

दीर दुष्ट नव्हता. त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं, आणि शिकवणारा माझा नवराच होता.

तालमीचं नाव वस्तादाचं. कोणीही कुस्ती जिंकली तरी मानाचा फेटा बांधायचे तो वस्तादाला. नवरा त्याच्या हाताखालचा. माती खणायची, तिच्यात तेल, ताक, हळद घालून ती मळायची, पोरांची अंगं रगडायची, चुकलेला डाव पुन्हा पुन्हा करून घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे पडायचं. विहिरीवर बाया मला म्हणायच्या, "काऊन वं, आज किती वेळा पडला तुझा पहिलवान?" मी म्हणायचे, "तुमचे घरी बसून पडतात, माझा तालमीत जाऊन पडते."

त्याची खरी विद्या वेगळी होती. दिराची कुस्ती ज्याच्याशी ठरायची, त्याला तो आधी पाहून यायचा. तेव्हा आमचं वऱ्हाड नागपूरच्या सरकारला जोडलेलं होतं, आणि धाडच्या पलीकडे थोडं गेलं की निजामाचा मुलूख लागायचा. तिकडचे पहिलवान धाडच्या बाजाराला यायचे. नवरा मिरच्या विकायच्या निमित्ताने जायचा, मिरच्या तशाच परत आणायचा आणि तो माणूस अंगात घेऊन यायचा. मग कुस्ती होईपर्यंत तालमीत तो त्या माणसासारखा उभा राहायचा, त्याच्यासारखा झोंबायचा. घरीही ते जायचं नाही. एकदा जेवताना डावा खांदा पाडून बसला होता. मी विचारलं, "आज कोणाले वाढून राहिली मी?"

"मोठा हरामी आहे," तो म्हणाला. "भाकर दे दुसरी."

ज्याच्यासाठी हा गळा आवळला, तो पहिलवान निजामाकडचाच होता. त्याची एक खोड नवऱ्याने हेरली होती. तालमीत जीव घाबरला की मातीवर हात आपटायचा आणि वरच्याने लगेच सोडायचं, ही सगळीकडची रीत. प्रत्येक पोराच्या हाडात ती बसलेली. हा गडी भर कुस्तीत सापडला की हात आपटायचा. वरच्याची पकड सवयीने ढिली व्हायची आणि हा उलटून त्याच्या छातीवर बसायचा. म्हणून नवऱ्याने दिराची सवय मोडायला घेतली. "म्या हात आपटला तरी सोडू नको बे. लोक ओरडले तरी सोडू नको. मी तुहा भाऊ नाही आता." आणि खरंच हात आपटायची वेळ आली तर काय करायचं, ते दोघांनीही ठरवलं नव्हतं. दोन अंगापिंडाने धडधाकट माणसं, पण एवढं सुचलं नाही.

त्या दिवशी त्याला घरी आणल्यावर हाडवैद्याने मान पाहिली. "हाड जागेवर आहे, पण गळा आतून सुजला. रात निघाली तर वाचते," म्हणाला. मी कापसाच्या बोळ्याने पाणी ओठांवर पिळत होते. ते घशाखाली उतरत नव्हतं, बाहेर यायचं. दीर उंबऱ्याबाहेर बसला होता. कानात अजून शेण होतं. मी म्हटलं, "तोंड तरी धुवा." त्याने धुतलं नाही.

वस्ताद येऊन गेला. "तालमीत असं होते," म्हणाला. मग चपला घालता घालता, "जत्रेची कुस्ती तोंडावर आली. आता त्याच्यासारखं कोण झोंबीन?"

"तुम्ही उतरा," मी म्हटलं. "तुमची दाढी झाली ना आता."

उजाडताना पाण्याचा एक घोट आत गेला. मी पाहिलं, गळ्याची घाटी हलली. मी अजून थोडं पिळलं, तेही गेलं. दुसऱ्या दिवशी पेज गेली. आवाज यायला फार दिवस लागले, आणि आला तो चिरका, म्हाताऱ्या बाईसारखा. त्या आवाजात पहिलं बोलणं दिराशीच झालं.

"तालमीत जा बे."

"मी नाही जात, दादा. मी तुमचा गळा दाबला."

"बराबर दाबला. पायात कच्चा राह्यला तू. पाय मांडीत अडकवाले पाहिजे होता."

दीर रडला. एवढा मोठा गडी, माझ्या चुलीपुढे बसून रडला. नवरा वैतागला. मला म्हणे, "याले काही खाऊ घाल."

जत्रेत मी गेले नाही. नवरा गेला, बैलगाडीत, मानेला धोतराच्या घड्या बांधून. परत आला ते हसतच. त्या पहिलवानाने हात आपटलाच नाही. तितकी वेळच आली नाही, दिराने उभ्या उभ्या ढाकेचा डाव मारून त्याची पाठ मातीला लावली. फेटा वस्तादाला बांधला. बक्षिसाचं चांदीचं कडं दिराला मिळालं, आणि खामगावकडच्या एका मालदाराने त्याला पगारी पहिलवान म्हणून ठेवून घेतलं. दूध, तूप, सगळं तिकडचं. नवऱ्याला मी विचारलं, तुम्हाला काय दिलं? म्हणाला, "गाडीत बसाले जागा देली."

त्याची मान पुन्हा डावीकडे वळली नाही. कोणी डाव्या बाजूने हाक मारली तर अख्खा माणूस वळतो. त्यानंतर तो मातीत उतरला नाही. कडेला पाटावर बसून चिरक्या आवाजात शिकवायचा, आणि पोरं त्याला वस्तादापेक्षा जास्त भ्यायची. दीर सुट्टीला घरी आला की आधी भावाचे पाय दाबायचा, मग जेवायचा. शेवटपर्यंत त्याने ते केलं.

वस्ताद म्हातारपणाने गेला. दीर भर वयात काविळीने गेला. माझा नवरा जिवंत आहे.