सरकत्या छताची गाडी

किसनमामा गेल्याचा निरोप साताऱ्याला कचेरीत आला, तेव्हा मी एका अर्जदाराला त्याचाच अर्ज वाचून दाखवत होतो. शिपायाने चिठ्ठी पुढे ठेवली. मी ती वाचली आणि अर्ज तसाच पुढे वाचत राहिलो... काय वाचलं ते आठवत नाही. मिळेल ती एस.टी. धरून तासगावजवळच्या आमच्या गावी पोचलो, तोवर मामांची माती उरकली होती. त्याला आता दीड महिना होईल.

किसनमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. माझे वडील लवकर गेले, मला मामांनीच शिकवलं. ते पलटणीत ड्रायव्हर होते, सुटून आल्यावर सांगलीच्या एका गॅरेजात मेकॅनिक झाले. सही करायचे तीही थांबत थांबत. मी बी.ए. झालो, वस्तीतला पहिला, तेव्हा त्यांनी गॅरेजभर पेढे वाटले. वाचून घ्यायला आजवर पाटलाकडे जाणारे वस्तीचे कागद माझ्याकडे येऊ लागले. ‘भाचा हाय माझा. इंग्रजी फाडफाड वाचतोय,’ असं गिऱ्हाइकांनाही सांगायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आवडतं.

त्यांच्या मुलाचं, यशवंताचं लग्न ठरलं. आमच्या नवरदेवाने चावडीपुढे खाली उतरायचं आणि मान खाली घालून चालत पुढे जायचं, ही गावाची जुनी रीत. आम्ही बौद्ध झालो तरी गावाच्या लेखी ती चालूच होती. मामा म्हणाले, ‘घोडा नगं. घोड्यावरनं वढून काढत्यात. मोटार आणायची. पर बंद मोटारीत पोरगं लपून चालल्यागत दिसंल. वरनं छत सरकणारी गाडी पायजे. पलटणीतला माझा साहेब तशा गाडीत उभा ऱ्हायाचा. यशवंता चावडीपुढनं उभा जाईल.’

तशी असावी अशी एक विलायती गाडी तासगावच्या एका द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडे होती. तो लग्नाला द्यायला तयार होता, पण गाडी रंगकामासाठी कोल्हापूरला गेलेली. मामांनी त्या गाडीचं इंग्रजी पुस्तक गॅरेजातून आणून माझ्यापुढे ठेवलं. ‘बग रं शंकर, ह्या गाडीचं छत उघडतंय का?’

पहिल्याच पानावर उघड्या छताचं चित्र होतं. पुढे त्याच गाडीचे तीन प्रकार बारीक अक्षरांत दिले होते, आणि छताच्या ओळीपुढे चांदणी काढलेली होती. चांदणीचा खुलासा मागे कुठेतरी असतो, हे मला ठाऊक होतं. पण मामा तोंडाकडे बघत बसलेले. त्यांच्यापुढे पानं उलटत शोधत बसायची मला लाज वाटली.

‘आहे, मामा.’

‘नक्की का? का कोल्हापूरला जाऊन बगून येऊ?’

‘मामा, मी बी.ए. आहे.’

ते हसले. पुस्तक कापडात गुंडाळून घेऊन गेले.

लग्नाच्या दिवशी गाडी कोल्हापूरहून थेट मांडवापुढे आली. मामांनी टपावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. सलग पत्रा... त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘चला, बसा,’ म्हणाले आणि स्वतः चाकावर बसले. चावडीच्या पायरीवर माणसं जमलेलीच होती. ‘आतच बस बरं का, ऊन लागंल!’ एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, ‘आरं, नवरा हाय का नवरी?’ मामांनी करकचून ब्रेक दाबला. उतरले, यशवंताला हाताला धरून बाहेर काढलं आणि पांढऱ्या कपड्यातल्या त्या पोराला बॉनेटवर उभं केलं. पुढचं सांगायला फार नाही. पोराला खाली ओढलं, मामा मधे पडले, त्यांच्या बरगड्यांवर काठ्या बसल्या. मी मागच्या सीटवर होतो. दार उघडायला मला उशीर झाला.

मामा त्यातून पुरते कधीच उठले नाहीत. क्लच दाबला की कळ यायची. वर्षाच्या आत काम सुटलं, ते गावी परतले. त्याच दुखण्याने ते गेले असं डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणतो. कुणी विचारलं तर मामा एवढंच सांगायचे, ‘गाडीवाल्यानं फशिवलं.’ ते ऐकत मी शेजारी गप्प बसून असायचो.

मामा गेल्यावर सातव्या दिवशी यशवंताला मी सगळं सांगून टाकलं. तो चुलीपुढे बसला होता. वर न बघता म्हणाला, ‘ठावं हाय मला. लगीन झाल्यावर आबा ते पुस्तक घिऊन एका मास्तराकडं गेलं हुतं. छत निस्तं महागातल्या गाडीला हुतं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘साताऱ्याला निघालोच हुतो, तुझं तोंड फोडाय. आबांनी दारात आडवलं. म्हणालं, वस्तीला कळलं तर उद्या माणसं कागद कुणाकडं न्हेत्याल? परत पाटलाच्या दारात उभं ऱ्हायाचं का?’

त्याने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

मामांची खोली तशीच आहे. महिन्यातून एक रविवार मी तिथे बसून वस्तीचे कागद वाचतो. त्या लग्नानंतर मामा भिंतीला टेकून शेजारी बसायचे आणि मी सुरुवात केली की म्हणायचे, ‘सावकाश. शेवटपातुर वाच.’ ऐकणाऱ्यांना कळावं म्हणून सांगतात, असं मला वाटायचं... भिंतीवर त्यांच्या पाठीचा तेलकट डाग आहे. परवा एका म्हातारीने मुलाच्या पेन्शनीचा कागद दिला. शेवटपर्यंत वाचला. दोन ओळी कळल्या नाहीत.

‘मावशी, एवढं मला कळत नाही. विचारून सांगतो.’

‘बरं, बाबा,’ म्हातारी म्हणाली, आणि कागद माझ्याकडेच ठेवून गेली.