मढच्या बेटावर सहा जणांचा स्वयंपाक

कुरुळीच्या सोपानरावांची थोरली लेक सुभद्रा दापोडीला नांदायला आली ती छप्पन सालच्या माघात. नवरा अर्जुनराव चिंचवडला रुळांच्या पलीकडे नव्यानं उभ्या राहिलेल्या एका खासगी कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. पंच्याहत्तर रुपये पगार, अंगात इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. मातीत हात न घालता महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा जावई कुरुळीत पहिलाच, म्हणून सोपानराव लग्नात पाहुण्यांना मुद्दाम जावयाच्या खिशाचं पेन दाखवत होते.

सुभद्रा दिसायला चारचौघींसारखी. पण घरात खाणारी अकरा तोंडं आणि आई कायमची अंथरुणाला, म्हणून बाराव्या वर्षापासून चूल तिच्याकडे आली होती. कुणाला किती लागतं, कोण मागत नाही पण उपाशी उठतो, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःपुरतं उरलं पाहिजे, एवढा एकच नियम तिनं स्वतःशी केला होता आणि अवघड दिवसांतही तो सहसा मोडला नव्हता.

लग्नाच्या जेवणाला कारखान्याचे मालक दौलतराव मोटारीनं आले. गोरे, स्थूल, बोलायला मोकळे. पंगत उठल्यावर सगळ्यांच्या देखत त्यांनी अर्जुनरावच्या पाठीवर थाप मारली.

"काय अर्जुनराव, हनिमूनला कुठं?"

अर्जुनराव लाजून हसला. बायका एकमेकींना विचारू लागल्या, हे काय नवीन.

"अरे, मढच्या बेटावर माझ्या मेव्हण्याचा बंगला रिकामा पडलाय. समुद्राला लागून. पाच दिवस राहून या. रजा मी देतो, भाडं नाही, काही नाही. मासे खा, शहाळी प्या, मजा करा!"

मांडवात टाळ्या पडल्या. मालकानं एका स्टोअरकीपरला राहायला बंगला द्यावा, ही काही लहान गोष्ट नव्हती. सासू यशोदाबाईंनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "आधी जेजुरीला जाऊन या. मग कुठल्या बेटावर जायचं ते जा." तसं ते जेजुरीला जाऊन आले आणि तिसऱ्या दिवशी मढला निघाले. अर्जुनरावनं तीस रुपये जमवले होते. सुभद्रेनं एका पोत्यात तांदूळ, बाजरीचं पीठ, शेंगदाणे, गूळ आणि कांदालसणाची चटणी भरून घेतली.

"अगं, हनिमूनला जातोय, बाजाराला नाही," अर्जुनराव म्हणाला.

"पोट संगंच येतंय न्हवं?" ती म्हणाली. त्याला हसू आलं आणि पोतं त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

दोन गाड्या बदलून, मग टांगा, मग होडी. होडीत सुभद्रा काठ घट्ट धरून बसली होती. तिनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. एवढं पाणी डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होती आणि त्यातलं घोटभर पिण्याजोगं नव्हतं. अर्जुनराव तिच्याकडे बघत राहिला. त्या दिवशी त्याची नजर अशी होती की सुभद्रेला पुढं कित्येक वर्षं ती आठवायची, आणि आठवली की स्वतःचाच राग यायचा.

बंगला खरंच छान होता. माडांच्या सावलीत लाल कौलं, पुढं ओटी, मागं स्वयंपाकघर आणि अडगळीची खोली. किल्ली शेजारच्या कोळीणीकडे, छबूबाईकडे होती. बेटावर दुकान एकच. प्रत्येक वस्तू होडीनं यायची, म्हणून चहापत्तीपासून काडेपेटीपर्यंत सगळ्याला दीडपट दर. खाणावळही एकच, तिथं ताटाला बारा आणे.

"दोघांची दोन वेळची तीन रुपये झाली," सुभद्रेनं ओटीवर बसून बोटांवर मोजलं. "पाच दिसाचं पंधरा. वर च्या, वर शहाळी. परतीचं सात रुपये न्यारं ठेवायचं. मग हातात काय ऱ्हातंय?"

"मग काय करायचं?"

"चूल हाय की मागं."

दुसऱ्या दिवशी सकाळी छबूबाई टोपली घेऊन किनाऱ्यावरून येताना दिसली, तशी सुभद्रा पुढं झाली. मासळी तिनं सुकटीपलीकडे पाहिली नव्हती. कशाला काय म्हणतात हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

"ह्यातलं सस्त काय?"

छबूबाई हसली. "अगो, आधी चांगलं काय ते तरी इचार! ही मांदेली घे. बारीक हाय, पन गोड."

सुभद्रेनं पैसे काढले नाहीत. तिनं आतून ओंजळभर बाजरीचं पीठ आणून दाखवलं. छबूबाईनं चिमूट तोंडात टाकून पाहिली. बेटावर तांदळाखेरीज दुसरं पीठ नव्हतं. सौदा जमला: दोन ओंजळी पिठाला वाटाभर मांदेली. वर छबूबाईनं एक नारळ दिला आणि मासे कसे साफ करायचे ते पायरीवर बसून शिकवलं.

दोन दिवसांत सगळा मिळून खर्च झाला एक रुपया चौदा आणे. तेल, मीठ, दूध आणि दोन शहाळी. अर्जुनराव चुलीपाशी पाट टाकून बसायचा. काट्याचं जेवायची तिला सवय नव्हती, म्हणून एकेक काटा काढून घास तिच्या ताटात ठेवायचा. कुरुळीच्या घरात कुणी पुरुष चुलीपाशी बसून बाईला भरवतोय, असं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"एकवीस रुपये उरलेत अजून," ती दुसऱ्या दुपारी म्हणाली. "माघारी जाताना मुंबईत चांगल्या हाटेलात जेवू. खुर्चीवर बसून."

"तू तर आमच्या कारखान्याच्या स्टोअरपेक्षा चोख सांभाळतेस," अर्जुनराव म्हणाला. "जपून ठेव ते पैसे. कामाला येतील."

तिला तो शब्द गोड वाटला.

तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला होडी लागली. दौलतराव उतरले, त्यांच्यामागून त्यांचे तीन दोस्त. हातात बाटल्यांची पेटी, गळ्यात दुर्बीण, पत्त्यांचे जोड.

"अरे वा, तुम्ही आहातच! मग काय चिंता? वहिनींच्या हातचं जेवू."

सुभद्रा डोक्यावरचा पदर सावरून उभी होती. तिनं काही म्हणायच्या आत अर्जुनराव "हो साहेब, हो साहेब" म्हणत त्यांची पेटी उचलून आत गेला. दहा मिनिटांत नवराबायकोचं अंथरूण पुढच्या खोलीतून अडगळीच्या खोलीत गेलं. अर्जुनराव खुंटीवरची पिशवी घेऊन कोंबड्या आणायला निघाला.

"साहेबांनी पैसं दिलं?" तिनं दारात विचारलं.

"देतील. हळू बोल."

साडेतीन रुपयांना एक, अशा दोन कोंबड्या आल्या. डझनभर अंडी आली. दोस्तांपैकी एकाला पापलेट हवं होतं, ते आलं. साखर, चहा, सोड्याच्या बाटल्या. सुभद्रा दोन चुली पेटवून धुरात बसली. तिचं सगळं लक्ष पुढच्या खोलीकडे लागलेलं. आता साहेब खिशात हात घालतील, मग घालतील. साहेबांचा हात पत्त्यांवरून हलला नाही.

"मागा की," तो ताटं न्यायला आला तशी ती कुजबुजली.

"मागू? त्यांच्या बंगल्यात फुकट राहतोय आपण."

खांद्यावर पंचा टाकून अर्जुनराव वाढत होता. कुणी "ए" म्हटलं की पाणी घेऊन धावत होता. एका दोस्तानं घास चावत विचारलं, "दौलत, हा तुझा इथला माळी का रे?"

दौलतराव मोठ्यानं हसले. नाही म्हणाले नाहीत. आणि अर्जुनरावही हसला. स्वयंपाकघराच्या दारातून सुभद्रेनं ते हसणं पाहिलं. साहेबांच्या हसण्याचं तिला काही वाटलं नाही. नवऱ्याचं हसणं मात्र तिच्या पोटात उतरलं आणि तिथंच राहिलं.

चौघांचं झालं तेव्हा पातेल्यात रस्सा उरला होता, भात नव्हता. तांदूळ पुन्हा टाकावा तर उद्याचं काय? तिनं अर्जुनरावला रस्सा दिला, स्वतः गूळ-शेंगदाणे खाल्ले. तो ताट घेऊन पाठमोरा बसून भराभर जेवला. साहेबांनी हाक मारली तर उठता यावं म्हणून.

चौथ्या दिवशी आणखी एक कोंबडी आली, वर कोलंबी आली. सुभद्रेचं पीठ संपलं. दुपारी पाहुणे घोरत पडलेले असताना छबूबाई मागच्या दारानं आली. तिनं चुलीकडे पाहिलं, खरकट्याच्या ढिगाकडे पाहिलं, मग सुभद्रेच्या तोंडाकडे.

"तू काय खाल्लंस गो?"

सुभद्रेनं गूळ-शेंगदाण्यांच्या पोत्याकडे बोट दाखवलं.

"दरसाल असंच चालतं," छबूबाई म्हणाली. "नवीन जोडपं धाडतो. दोन दीस जाऊ देतो, मग दोस्तांना घेऊन उतरतो. मागल्या साली एक आयली होती, नाजूक पोर. इथंच ह्या पायरीवर रडत होती. तिचा घो पन असाच पंचा घेऊन धावायचा." तिनं टोपलीतून चार बोंबील काढून ठेवले. "हे तू खा. त्यांना घालशील तर बघ."

सुभद्रेनं बोंबील तसेच ठेवले. अर्जुनराव विहिरीवर भांडी घासत होता, तिथं ती गेली. घरी त्यानं कधी स्वतःचा पेला विसळला नव्हता.

"साहेब दरसाल असंच करत्यात. छबूबाई सांगत हुती."

अर्जुनरावचा हात थांबला नाही. राख घेऊन तो परात घासत राहिला.

"तुमाला ठावं हुतं?"

त्यानं परात पालथी घातली. मग तो म्हणाला, "मागच्या वर्षी ज्योतीराम आला होता. आमच्या खात्यातला. पाडव्याला त्याला पगारात सात रुपये चढ मिळाली. माझ्यानंतर लागलेला माणूस."

"म्हंजे तुमाला ठावं हुतं."

"साहेब विचारतात तेव्हा नाही म्हणता येतं का? आणि पाच दिवस तरी..."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

सुभद्रा विहिरीच्या कठड्याला धरून उभी राहिली. तिला साहेबांचा राग येत नव्हता. तिला ते दोन दिवस आठवत होते. ती आणा-आणा राखत होती तेव्हा हा माणूस समोर बसून ते कशासाठी राखायचं ते जाणत होता. तो म्हणाला होता, जपून ठेव, कामाला येतील. काटे काढून घास देणारा हात आणि आता राखेनं परात घासणारा हात एकाच माणसाचे होते, आणि त्यातला खरा कुठला हे तिला कधीच ठरवता येणार नव्हतं.

"आली असते," ती म्हणाली. "पर समजून उमजून आली असते. पिठाला मासळी घेऊन नाचली नसते."

ती परत जाऊन चुलीपाशी बसली. बोंबील तिनं तळले आणि एकटीनं, काट्यासकट खाल्ले. संध्याकाळी चौघांचं पुन्हा रांधलं.

पाचव्या दिवशी निघताना दौलतरावांनी पाचाची नोट काढली. "वहिनी, चोळीला. रस्सा फार झकास होता." सुभद्रेचे दोन्ही हात पदराखाली होते. ते तिनं बाहेर काढले नाहीत. नोट तशीच हवेत राहिली. मग अर्जुनरावनं ती घेतली आणि कपाळाला लावली. परतीच्या सात रुपयांतला एक आदल्या दिवशी कोलंबीत गेला होता, तेव्हा ती नोटच मोडून तिकिटं काढावी लागली. मुंबईत तिनं हॉटेलाकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. घरी यशोदाबाईंनी विचारलं, "काय काय खाल्लं गं?" ती म्हणाली, "कोंबडी." यशोदाबाई शेजारणीला सांगायला गेल्या.

पाडव्याला अर्जुनरावला चढ मिळाली. सात रुपयेच. त्या सात रुपयांची तूर आली, गोडं तेल आलं, वर्ष भरायच्या आत मूल झालं त्याचं दूध आलं. सुभद्रेनं ते सगळं शिजवलं आणि खाल्लंही. अन्न टाकण्याइतकी तिची ऐपत नव्हती, आणि हेच तिला सगळ्यात जास्त खुपायचं. घरात भांडण कधी झालं नाही. अर्जुनराव वाईट माणूस नव्हता, दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. फक्त तो जेवायला बसला की ती उठून दुसरं काहीतरी काम काढायची. पहिले काही महिने तो म्हणायचा, "बस की." मग म्हणेनासा झाला.

पुढच्या माघात कारखान्यातल्या मालोजीचं लग्न झालं. नवरी सुभद्रेच्याच चाळीत आली, मंजुळा नावाची, सोळा-सतरा वर्षांची. चार दिवसांत बातमी आली की साहेबांनी त्यांना मढचा बंगला दिलाय. सुभद्रा दुपारी तान्ह्याला पोटाशी धरून तिच्या खोलीत गेली आणि दार लोटून तिनं सगळं सांगितलं. माळ्याची गोष्टसुद्धा सांगितली, जी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

मंजुळा खाली मान घालून ऐकत होती. सुभद्रेला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर चिडून नवऱ्याला जाब विचारायला उठेल.

"चढ मिळती ना पण?" मंजुळानं विचारलं. "सासऱ्यांचं औषधच म्हैन्याला पाच रुपयांचं हाय."

सुभद्रा उठली. उंबऱ्यापाशी जाऊन ती माघारी फिरली. म्हणाली, "तांदूळ जास्ती घे. चौघं येतील. आधी तुझं काढून झाकून ठेव, मग त्यांना वाढ."

मंजुळा गेली. आठवड्यानं परतली. पाडव्याला मालोजीलाही चढ मिळाली. मढला काय घडलं ते न सांगताही सुभद्रेला ठाऊक आहे, हे मंजुळा जाणत होती. त्यानंतर नळावर दोघी रोज समोरासमोर यायच्या. मंजुळा आपली घागर भरून होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि सुभद्रेशी एक शब्द बोलायची नाही.