आबांच्या घरात हातवारे

माझी भाची तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिला डाऊन सिंड्रोम आहे. कळायचं सगळं. 'चप्पल आण' म्हटलं की चप्पल यायची, माझीच आणि एकच. पण स्वतःला काही हवं असलं की नुसतं रडणं.

परभणीच्या वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी वहिनीला, म्हणजे तिच्या आईला, खुणा शिकवल्या. दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींना टेकवल्या की 'अजून'. खूण करताना आपण शब्दही म्हणायचा. अशा लेकरांचा हात आधी बोलतो, जीभ मागून येते, असं त्या म्हणाल्या.

वहिनी खुशीत बोरीला घरी परतली आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खोडा घातला.

"हातानं मागितल्यावर तोंड कशाला उघडंल ती? मुकं करायलाव लेकराला. माझ्या घरात हातवारे न्हाई."

वहिनी सासऱ्याशी भांडणार कशी? मग तिनं मानवतला मला फोन लावला. भांडण म्हटलं की मी मिळेल त्या एसटीनं निघते.

आबांनी जन्मभर बैलांची दलाली केली. मी गेले ती थेट त्यांच्यापुढं बसले, त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि आतून त्यांची बोटं दाबली.

"हे काय करायलीस?"

"सौदा. असे किती बैल विकले तुमी, आबा?"

"लय."

"तोंडानं भाव सांगितला कधी?"

"भर बाजारात सांगतेत का कुणी? उपरण्याखाली बोटं दाबूनच ठरतो भाव."

"मग मुके झालात का? तुमच्यापुढं आमाला बोलायची बारी येत न्हाई."

स्वयंपाकघरात आई फिसकन हसली. आबांनी उपरणं हिसकावून घेतलं. "लय शानी हायेस," म्हणाले. पण त्या दिवसापासून वहिनीला अडवलं नाही.

भाचीनं खूण लवकर उचलली. गुळासाठी रडणं थांबलं. शब्द मात्र येईना. पुढं आबाच तिला घेऊन जेवायला बसू लागले आणि बाजारातल्या आवाजात "अजून" म्हणू लागले.

दिवाळीला मी तिथंच होते. भाचीनं चिमट्या टेकवल्या, आबांकडं पाहिलं आणि म्हणाली, "आजू."

आबांनी गुळाचा डबाच तिच्यापुढं सरकवला. त्यांना तो शब्द पुन्हा ऐकायचा होता. म्हणून त्यांनी स्वतःच दोन चिमट्या टेकवल्या.

भाचीनं मोठा खडा उचलला आणि त्यांच्या तोंडात घातला.