पडद्यांना फॉल लावला आणि अमरकंटकची गाडी कुंडमला अडली

अमरकंटकला जायचं ठरलं, पण अटीवर. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने आमचे हे जबलपूरच्या चेरीताल भागातल्या घराबाहेर पडले नव्हते. जन्मभर खमरियाच्या कारखान्यात सायकलवर गेलेला माणूस! डॉक्टर म्हणाले, खुशाल जा. हे म्हणाले, "ऊन डोळ्यात खुपलं तर मी तिथूनच बस पकडतो."

"मंजूर, आबा," नात सायली म्हणाली. तिला खात्री होती. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिनं आत पलंग, ओटा, सगळं बसवलंय, आणि खिडक्यांना बटणावर चालणारे पडदे. बटण दाबा, अंधार! मी तर शेजारणींना बोलावून दाखवलं.

माझ्या डब्यांपायी निघता निघता दहा वाजले. तुम्ही लवकर निघा. रस्ता बरा आहे, पण पुढे वळणं आहेत, संत्र्याच्या गोळ्या जवळ ठेवा. मी तर पनागरला बहिणीकडे जातानाही ठेवते, आणि पनागर काय, हे इथं. असो.

वाटेत कुंडम गावच्या बाजारात गाडी लावून जेवलो. हे काळा चष्मा लावून आडवे झाले, मी बटण दाबलं. घर्रर्र... पडदा बोटभर खाली आला. मग आणखी बोटभर.

"काय करून राहिली ही खिडकी?"

"येऊन राहिला ना पडदा."

"तो येईपर्यंत सूर्य बुडते!"

आणि अर्ध्यात येऊन तो थांबलाच. चारही खिडक्यांचं तेच. यांनी पिशवी उचलली. "बस कुठून सुटते?" सायलीचं तोंड एवढंसं झालं.

समोरच गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकानवाल्या भैयानं मीटर लावून पाहिलं. "दीदी, बैटरी ठीक है, फ्यूज भी ठीक है." मग पडद्याची कड हातात धरून म्हणाला, "ये इतना भारी काहे है?"

सायलीनं माझ्याकडे पाहिलं.

आता तुमच्यापासून काय लपवू. ते पडदे अगदी पांढरेफटक दिसायचे. आदल्या दिवशी ती बाजारात गेली तेव्हा मी जुन्या साडीचे काठ काढून चारही पडद्यांना शिवले, आणि आतून दुहेरी फॉल लावला. फॉल लावला की साडी कशी नीट पडते! म्हटलं, पडदाही पडेल. बटण दाबून पाहायचं मात्र राहिलं.

"आजी! काहून नाही सांगितलं?"

"सरप्राइज होतं."

भैया हसायलाच लागला. "अम्मा, आपने तो मोटर को साड़ी पहना दी!"

मी ब्लेड घेऊन उसवायला बसले. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा, मला टाकाच सापडेना. दाराशी पिशवी घेऊन उभे हे बघत होते. "कापड फाडशील. दे इकडे." ऑपरेशननंतरचा जवळचा चष्मा डबीतच पडून होता, तो त्यांनी पहिल्यांदा लावला. कापड डोळ्यांजवळ नेलं. मग म्हणाले, "मले टाका दिसून राहिला."

"खरंच?"

"एकन् एक. अन् तुह्ये टाके वाकडे आहेत."

चारही पडदे त्यांनीच उसवले. भैयानं बाजूच्या खाचांत अडकलेले दोरे जुन्या टूथब्रशनं काढले आणि बटण दाबून धरून मोटरला पडदा कुठवर उतरायचा ते पुन्हा शिकवलं. दहा मोजेपर्यंत पडदा खाली! पिशवी पलंगाखाली गेली. बसचं नाव कोणी काढलं नाही.

डिंडोरीला चहा घेऊन दिवस मावळता अमरकंटकला पोचलो. स्वेटर न्याच, जबलपूरच्या उन्हावर जाऊ नका. सकाळी मीच नर्मदेच्या कुंडाशी रेंगाळले, आणि हे पुढे जाऊन सालाच्या झाडांवरच्या मुंग्या मोजत बसले.

घरी येऊन आठवडा झाला. पडदे पांढरेच आहेत, आणि मला आता तेच आवडून राहिले. यांचा चष्मा मात्र नाकावरून उतरत नाही. कोपऱ्यातली कोळ्याची जाळी दाखवतात, भांड्यावरचा डाग दाखवतात. तांदूळ निवडायचं कामही त्यांनीच घेतलंय. मी आधी निवडून घेते, आणि मुद्दाम एक खडा राहू देते. तो सापडला की स्वयंपाकघरात येऊन असा दाखवतात, जसा काही हिराच!